पंचावन्न मासे

तिने आल्या आल्या मोबाइल माझ्यापुढे ठेवला. ईमेल उघडाच होता. ‘आपल्या कलाकृतीची निवड होऊ शकली नाही,’ एवढी एकच ओळ. दोन वर्षांत वेगवेगळ्या प्रदर्शनांकडून आलेला हा तिसरा नकार. त्यातच गोव्यातल्या एका दुकानदाराने चार संच परत पाठवले होते.

“तीन महिने झाले, रंग उघडूक नाय, मॅडम. कामात मन लागणा नाय. सोडूनच देऊ का हे?”

तिशीतली ही मुलगी सावंतवाडीची गंजिफा, म्हणजे खेळायचे गोल पत्ते, हाताने रंगवते. तिच्या परवानगीने हे लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

नकार पचवायचा कसा, हा प्रश्न विणकर, कुंभार, मूर्तिकार असे हाताने वस्तू घडवणारे अनेक जण समुपदेशक म्हणून मला विचारतात. नोकरीच्या मुलाखतीत नापास झालेला माणूस निदान ‘नोकरी मिळाली नाही’ असं म्हणतो. ही मंडळी म्हणतात, ‘मीच चाललो नाही.’ ज्या वस्तूवर महिनोन् महिने मान मोडून बसलेलो असतो, तिच्यात आणि आपल्यात फट कुठे उरते?

पहिल्या भेटीत मी तिला धीर दिला नाही. ‘तुझं काम किती सुंदर आहे’ हे घरचे, मैत्रिणी सगळे सांगून थकले होते आणि त्याने ती आणखीच एकटी पडली होती. तिला रडायचं होतं, ती रडली. मी झोप, भूक, जगणं नकोसं वाटतं का, हे स्पष्ट विचारलं. तसं नव्हतं. असतं, तर मी आधी तिला डॉक्टरांकडे पाठवलं असतं. (कुणाला असे विचार येत असतील तर 14416 हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक जवळ ठेवा. फोन करायला लाजू नका.)

मग एक छोटं काम दिलं. रंगाला हात लावायचा नाही. रोज वीस मिनिटं फक्त पानं घोटायची. गंजिफाचं पान म्हणजे कापडाला चिंचोक्याची खळ आणि खडूची पूड लावून, दगडाने गुळगुळीत घोटलेली गोल चकती. त्यावर चित्र आणि शेवटी लाखेचा हात. घोटण्यात कुणी निवड करत नाही, कुणी नाकारत नाही. मन उभारी धरेल तेव्हा काम करू, असं म्हणत बसलं तर उभारी येत नाही. पुष्कळदा आधी हात चालू लागतात, मन मागून येतं. पहिल्या आठवड्यात ती चारच दिवस बसली. मला ते पुरेसं होतं.

तिसऱ्या भेटीला तिने अर्धवट राहिलेला दशावतारी डाव आणला. दहा अवतार, प्रत्येकाची बारा पानं, एकूण 120. राजा, वजीर आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत. मत्स्याच्या पानांवर मासे, कूर्माच्या पानांवर कासवं. तिने मत्स्याची दहा पानं टेबलावर ओळीने मांडली आणि मी मासे मोजू लागले. पंचावन्न भरले. नखाएवढा मासा, त्याला खवले, आणि डोळा म्हणजे कुंचल्याच्या एका केसाने ठेवलेला ठिपका. सत्तीवरच्या एका माशाचा डोळा जरा फिसकटला होता.

“याचं काय करणार?”

“हे पान बाद. दुसरं करीन.”

“आणि डाव?”

“डाव कशाला टाकू?”

मी काहीच बोलले नाही. तिने ते पान बराच वेळ हातात धरून ठेवलं.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती मी वापरते. मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांच्यामुळे ती मराठी माणसाला ओळखीची झाली. कामाला गुण द्या, हवं तर नापास करा, पण त्यावरून अख्ख्या माणसाला गुण देऊ नका, असं एलिस सांगतात. आणि आपल्या मागण्यांमधला ‘च’ शोधायला लावतात. ‘माझी निवड व्हावी’ ही इच्छा झाली, तिच्यामुळे माणूस कामाला लागतो. ‘निवड व्हायलाच हवी, नाहीतर मी कुचकामी’ हा हुकूम झाला. तो पाळला गेला नाही की माणूस कोसळतो. तिने वहीत स्वतःची वाक्यं लिहिली आणि लाल पेनाने ‘च’ला गोल केले. एका पानावर अकरा सापडले.

याने दुःख जात नाही, आणि ते जावं असा माझा आग्रहही नाही. मेहनत नाकारली गेल्यावर वाईट वाटणारच. पण वाईट वाटलं असताना फोन करता येतो. खचलेल्या माणसाला तोही जमत नाही. पाचव्या आठवड्यात तिने फोन केले. एका ठिकाणी समजलं की फोटो ट्यूबलाइटखाली काढल्यामुळे लाखेवर नुसती चकाकी आली होती, चित्र दिसतच नव्हतं. दुसरीकडे कुणी कारण सांगितलं नाही. तिसरीकडे कुणी फोनच उचलला नाही. दुकानदार सरळ बोलला, ‘गिऱ्हाईक पेटी उघडून बघतं, किंमत ऐकतं आणि ठेवून देतं. सुटं काहीतरी द्या.’ म्हणजे चार नकारांपैकी तिच्या रेषेला नावं ठेवणारा एकही नव्हता. तीन महिने ती मात्र स्वतःची रेषाच दोषी धरून बसली होती.

सुटी पानं चौकटीत घालून विकायची का, यावर आमच्या दोन भेटी गेल्या. डाव मोडणं तिला अपमान वाटत होता. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ही कला संपत आली होती, तेव्हा पुंडलिक चितारी या वृद्ध कारागिराकडून सावंतवाडीच्या राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी ती शिकून घेतली, हे तिनेच मला सांगितलं. “इतकी जपलेली गोष्ट मी सुटी करू?” तिचा प्रश्न मला खरा वाटला, आणि त्याचं उत्तर देणं माझं काम नव्हतं. शेवटी तिने ठरवलं की दहा राजे सुटे विकायचे, पूर्ण डाव वर्षातून एकच करायचा, पण तो मनासारखा.

मागच्या महिन्यात तिने वहीच्या पानाचा फोटो पाठवला. तारीख. खाली ‘निवड नाही. कारण विचारलं, सोमवारी सांगतो म्हणाले. रात्री रडले.’ आणि त्याखाली, ‘कूर्माची चार पानं बाकी.’