नासाऊहून अर्धा दिवस: पोहणारी डुकरे, कासवे आणि प्रवाळ

बहामासच्या प्रवासाविषयी या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच विषयावर होती, म्हणून त्यांची उत्तरे एकत्र देत आहोत.

प्रश्न: आम्ही सहा जण (पती-पत्नी, नऊ आणि चौदा वर्षांची मुले, सासू-सासरे) बहामासची राजधानी नासाऊ येथे दोन दिवस राहणार आहोत. फक्त आमच्यासाठी म्हणून चार तासांची खासगी बोट घ्यावी, असा विचार आहे. माहितीपत्रकात पोहणारी डुकरे, शार्क, इग्वाना (मोठे सरडे), कासवे आणि प्रवाळावर स्नॉर्केलिंग (नळीतून श्वास घेत, पाण्यावर तरंगत खाली पाहणे) असे सगळेच छापले आहे. चार तासांत हे सगळे खरोखर होते का?

उत्तर: होत नाही, आणि त्याचे कारण अंतरात आहे. छायाचित्रांमुळे जगभर पोहोचलेली ती डुकरे एक्झुमा बेटांच्या माळेतील बिग मेजर के (‘के’ म्हणजे लहान बेट) या निर्जन बेटावर राहतात. नासाऊपासून ते बेट सुमारे ७० ते ८० सागरी मैल दूर आहे. वेगवान बोटीलाही तेथे पोहोचायला दोन तासांहून अधिक लागतात, म्हणजे आपले चार तास केवळ जाण्यायेण्यात संपतील. इग्वाना ज्या ॲलन्स केवर दिसतात, ते एक्झुमाच्या उत्तर टोकाला असल्यामुळे त्या मानाने जवळ आहे. पण तेथवरची सफरही पूर्ण दिवसाचीच धरावी लागते. तेव्हा अर्ध्या दिवसाच्या पत्रकात ‘डुकरे’ असे लिहिलेले असेल, तर बोट कोणत्या बेटावर जाणार हे आधी विचारावे. बहुतेक वेळा उत्तर येईल रोझ आयलंड. नासाऊच्या पूर्वेला पसरलेल्या या लांबट, अरुंद बेटावर पर्यटकांसाठी नंतर आणून ठेवलेली डुकरे आहेत. तेथे अर्ध्यापाऊण तासात पोहोचता येते. मुलांना दोन्हीकडच्या डुकरांत काही फरक वाटणार नाही. मात्र मोठ्यांनी आपण कोठे जात आहोत हे जाणून पैसे द्यावेत. काही किनाऱ्यांवर उतरण्याचे शुल्क वेगळे असते, तेही त्याच वेळी विचारून घ्यावे.

बिग मेजरच पाहायचे असेल, तर एक वेगळा मार्ग आहे. नासाऊहून छोट्या विमानाने अर्ध्या तासाच्या आसपास स्टॅनिएल केला उतरावे आणि अर्ध्या दिवसाची खासगी बोट तेथून घ्यावी. तेथे सगळे हाताशी आहे: डुकरांचा किनारा काही मिनिटांवर, थंडरबॉल ग्रोटो ही पाण्यातील गुहा शेजारीच, आणि नर्स शार्क जिथे धक्क्याखाली पहुडलेल्या असतात ते कंपास केही फार लांब नाही. खर्च वाढेल, पण चार तास प्रवासाऐवजी पाण्यात जातील.

नासाऊहूनच निघणार असाल, तर माझे मत असे की दोन ठिकाणे ठरवावीत, फार तर तीन. पाच ठिकाणांची यादी म्हणजे एक ना धड भाराभर चिंध्या. प्रत्येक ठिकाणी नांगर टाकणे, शिडी लावणे, सहा जणांना मास्क आणि फिन्स (पायात घालायचे पोहण्याचे पंख) चढवणे, पुन्हा सर्वांना वर घेऊन मोजणे यातच वीस-पंचवीस मिनिटे जातात. खासगी बोटीचे जे जास्तीचे पैसे आपण देतो ते मऊ गाद्यांसाठी नव्हेत, तर वेळेवरच्या ताब्यासाठी देतो. समोरच्या किनाऱ्यावर मोठ्या बोटी लागलेल्या दिसल्या, तर ‘आधी प्रवाळाकडे चला, इकडे परतताना येऊ’ असे कप्तानाला सांगता येते. मुलगा थंडीने कुडकुडू लागला, तर दहा मिनिटे उन्हात थांबता येते. हा ताबा आधीच छापील यादीच्या हवाली करून टाकला, तर गर्दीच्या बोटीत आणि आपल्या बोटीत फरक काय उरला?

ठिकाणांचा क्रम मात्र कप्तानावर सोपवावा, कारण तो वारा आणि पाणी पाहून ठरतो. बहामासची बहुतेक बेटे समुद्राखालच्या उथळ पठाराच्या कडेवर वसलेली आहेत. एक्झुमाच्या पश्चिमेला काही मीटर खोलीचे पठार आहे, तर पूर्वेला हजार मीटरहून खोल समुद्र. भरती-ओहोटीचे पाणी बेटांमधल्या अरुंद फटींतून आत-बाहेर करते, त्यामुळे पाण्याची पातळी जेमतेम मीटरभर बदलत असली तरी त्या फटींत प्रवाहाचा जोर मोठा असतो. थंडरबॉल ग्रोटोमध्ये ओहोटीच्या शेवटी, पाणी थबकते तेव्हाच शिरावे असे सांगतात, ते याचसाठी. त्या वेळी डोके वर ठेवून आत जाण्याइतकी मोकळी जागा असते आणि पाणी माणसाला ओढून नेत नाही. असे थबकलेले पाणी फार वेळ टिकत नाही. त्यामुळे ‘आमच्या सोयीने अकरा वाजता गुहा’ असा हट्ट धरण्यात अर्थ नाही.

ऋतूचाही विचार व्हावा. जून ते नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा अधिकृत हंगाम आहे. डिसेंबर ते मार्च या काळात उत्तरेकडून थंड हवेचे पट्टे येतात, एक-दोन दिवस जोराचा वारा सुटतो आणि पाण्याचे तापमान २३-२४ अंशांपर्यंत उतरते. आपल्या अरबी समुद्राची सवय असलेल्या मुलांना हे पाणी अर्ध्या तासात गार वाटू लागते. आपल्याकडे दोन दिवस आहेत, तर बोट पहिल्या दिवशी ठरवावी. हवा बिघडली, तर दुसरा दिवस हाताशी राहील.

प्रश्न: प्राण्यांबरोबर पोहणे हे त्यांच्यावर अन्याय करणारे तर नाही ना? मुलीला डुकरांना खाऊ घालायचे आहे, पण मला मनातून संकोच वाटतो.

उत्तर: आपला संकोच रास्त आहे. डुकरे बहामासची मूळ रहिवासी नाहीत. माणसानेच ती तेथे नेली, आणि कोणी नेली याच्या कहाण्या जितकी तोंडे तितक्या आहेत. २०१७ च्या आरंभी बिग मेजरवरील काही डुकरे मृतावस्थेत आढळली आणि त्यांच्या पोटात वाळू सापडली. पर्यटक खाणे वाळूवर टाकत आणि डुकरे ते वाळूसकट गिळत, असे तेव्हा सांगण्यात आले. म्हणून खाऊ घालणारच असाल, तर कप्तानाने दिलेली फळे किंवा भाजीच द्यावी, ती पाण्यात उभे राहून द्यावी, आणि वाळूवर काही टाकू नये. पाव, चिप्स, बिअर हे तर मुळीच नाही. खाऊ संपला की दोन्ही तळहात उघडे करून दाखवावेत. मोठे डुक्कर हातात काही लपवलेले आहे असे समजून मागे लागते आणि प्रसंगी चावतेही. किनाऱ्यावर झोपलेल्या पिल्लांना उचलू नये. त्यांची आई जवळच असते. आणखी एक गोष्ट पाहावी: किनाऱ्यावर सावली आणि प्यायचे गोडे पाणी ठेवलेले आहे का? डुकराची कातडी उन्हाने माणसासारखीच भाजते आणि समुद्राचे पाणी ते पिऊ शकत नाही. ही सोय नसलेल्या ठिकाणी मी स्वतः उतरणार नाही.

इग्वानांची गोष्ट अधिक बोलकी आहे. एक्झुमातील हे खडकांवर राहणारे सरडे मूलतः पाने आणि फुले खातात, पण बोटींवरून वर्षानुवर्षे त्यांना द्राक्षे मिळत आली आहेत. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे आढळले की पर्यटकांच्या द्राक्षांवर वाढलेल्या इग्वानांच्या रक्तातील साखर जास्त चढते आणि उतरायला अधिक वेळ घेते. खाऊ घालण्याचा लोभ टाळावा, अशी जागा असेल तर ती हीच.

शार्क आणि कासवे यांच्याबाबत देशाचे धोरण कडक आहे. बहामासने २०११ मध्ये आपल्या सुमारे सहा लाख तीस हजार चौरस किलोमीटर सागरी हद्दीत शार्कच्या व्यापारी मासेमारीवर बंदी घातली. समुद्री कासवे पकडण्यास तर २००९ पासूनच मनाई आहे. नर्स शार्क ही तळाशी राहणारी, रात्री शिकार करणारी आणि दिवसा सुस्त पडून राहणारी मुशी आहे. ती भक्ष्य दाताने तोडण्यापेक्षा तोंडाने जोरात शोषून घेते. त्यामुळे माशाचा वास लागलेली बोटे तिच्यापुढे हलवणे हा धिटाईचा नव्हे, मूर्खपणाचा प्रकार होय. तिची शेपटी धरणे, पाठीवर हात ठेवून छायाचित्र काढणे हे मुलांना आधीच निक्षून मना करावे. हात पाण्याबाहेर किंवा छातीशी घट्ट ठेवून शांत तरंगले, की ती स्वतःच जवळून निघून जाते.

हिरवी कासवे समुद्री गवत चरायला उथळ पाण्यात येतात. त्यांना श्वासासाठी वर यावेच लागते, म्हणून कासवाच्या वर किंवा पुढे कधीही जाऊ नये. त्याच्या बाजूने, थोडे मागे राहून पोहावे. पाठलाग करणाऱ्याला कासवाची पाठच दिसते; जो एका जागी तरंगत राहतो, त्याच्या जवळून ते चरत चरत जाते. वाळूच्या तळावर चालायचे असेल, तर पाऊल उचलून न टाकता घासत पुढे न्यावे, म्हणजे वाळूत दडलेले पाकट (शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा) सावध होऊन निघून जाते.

प्रश्न: माझे वय ६६ आहे, मला पोहता येत नाही आणि रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत. लाइफ जॅकेट घालून मी स्नॉर्केलिंग करू शकेन का?

उत्तर: प्रथम आपल्या डॉक्टरांना विचारावे, आणि ‘समुद्रावर जाते आहे’ एवढेच न सांगता ‘नळीतून श्वास घेत पाण्यात तरंगणार आहे’ असे स्पष्ट सांगावे. नळीतून श्वास ओढताना छातीला जास्त जोर लावावा लागतो. हृदयाचा किंवा रक्तदाबाचा त्रास असलेल्या व्यक्तीच्या फुप्फुसांत अशा वेळी द्रव साचू शकतो, आणि मग माणूस हातपाय न मारता, आवाजही न करता शुद्ध हरपतो. हवाईमधील स्नॉर्केलिंगच्या दुर्घटनांचा अभ्यास झाला, त्यात नेमके हेच चित्र पुढे आले. लांबच्या विमानप्रवासानंतर लगेच पाण्यात उतरणेही टाळावे, असा सावधगिरीचा सल्ला त्या अभ्यासातून पुढे आला.

डॉक्टरांनी होकार दिला, तर कमरेइतक्या पाण्यात उभे राहून आधी मास्कचा सराव करावा. मास्क पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकवून नाकाने हलकेच श्वास आत ओढावा. तो तसाच चिकटून राहिला तर माप बरोबर आहे. संपूर्ण चेहरा झाकणारा मास्क नवशिक्यांना सोपा वाटतो, पण धाप लागली तर तो पटकन काढता येत नाही, म्हणून आपण तो घेऊ नये. धाप लागली, छाती जड झाली किंवा अंगातला जोर गेल्यासारखे वाटले, की त्याच क्षणी तोंडातली नळी काढून, पाठीवर वळून हात वर करावा. आपल्याबरोबर पाण्यात एक माणूस फक्त आपल्यासाठी असावा. बरोबर सून आणि नातवंडे असतील, तर सुनेला एकाच वेळी नातवंडे आणि सासूबाई अशा दोन्ही जबाबदाऱ्या देऊ नयेत.

बोटीत बसतानाही जागा निवडावी. पुढच्या टोकाला लाटांचे धक्के सर्वांत जास्त बसतात आणि त्या वयात मणक्याला ते सोसत नाहीत. मागच्या बाजूला, सावलीत बसावे. आणि पाण्यात न उतरताही सकाळ वाया जात नाही: तेथील पाणी इतके नितळ असते की काठावरून पाकट आणि कासव दोन्ही दिसतात.

प्रश्न: प्रवाळाला आपल्यामुळे इजा होऊ नये म्हणून काय करावे? आणि दुसऱ्या दिवशी विमानप्रवास असेल तर चालतो का?

उत्तर: विमानाची चिंता नको. विमानात बसण्यापूर्वी ठरावीक वेळ थांबण्याचा नियम टाकीतील दाबाची हवा घेऊन खोल जाणाऱ्यांसाठी आहे. पृष्ठभागावर तरंगणाऱ्यांना तो लागू नाही.

प्रवाळ दगडासारखा दिसतो, पण तो जिवंत वसाहत असतो. मेंदूच्या आकाराचे प्रवाळ वर्षाला काही मिलिमीटरच वाढतात. एक टाच टेकली, की कित्येक वर्षांची वाढ खरवडली जाते. त्यातच कठीण प्रवाळांचा ऊतिनाश करणारा एक रोग २०१४ मध्ये फ्लोरिडात दिसला आणि २०१९ च्या अखेरीस बहामासमध्येही पोहोचला. पांढरे पडलेले किंवा मांस गळाल्यासारखे दिसणारे प्रवाळ आपल्याला दिसतील. म्हणून उभे राहायचे असेल तर वाळूवरच राहावे, आणि बोटीचा नांगरही वाळूत आहे ना, किंवा बोट तरंगत्या बोयऱ्याला बांधली आहे ना, हे विचारावे. ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनोक्सेट असलेली सनस्क्रीन टाळून झिंक ऑक्साइडची घ्यावी. त्याहून बरे म्हणजे पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा सदरा, कारण तो धुऊन जात नाही आणि स्नॉर्केलिंगमध्ये हमखास भाजणारी पाठ झाकतो. लायनफिश हा लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा देखणा मासा दिसला तर दुरूनच पाहावा. तो या समुद्रातला नाही. बहामासमध्ये त्याची नोंद २००४ मध्ये झाली, आणि त्याचे काटे विषारी आहेत.

आपणच पुढे विचारले आहे की पैसे देण्यापूर्वी कोणते प्रश्न करावेत. बोटीला आणि कप्तानाला तेथील पोर्ट डिपार्टमेंटचा व्यावसायिक परवाना आहे का. मुलांच्या मापाची लाइफ जॅकेट आहेत का. रेडिओ चालू आहे का. आम्ही पाण्यात असताना बोटीवर कोणी थांबते का. हवा बिघडून सफर रद्द झाली तर पैसे परत मिळतात की फक्त दुसरी तारीख. आणि सांगितलेल्या किमतीत इंधन व १० टक्के व्हॅट धरले आहेत का. बहामासचा डॉलर अमेरिकी डॉलरच्या बरोबरीने चालतो, तेव्हा अमेरिकी डॉलर जवळ असतील तर वेगळे चलन बदलून नेण्याची गरज नाही. कप्तानाच्या बक्षिसीसाठी मात्र थोडे रोख जवळ असावेत.