अमेरिकन सुपरमार्केटच्या बिल काउंटरजवळची भडक साप्ताहिकं इतकी बटबटीत का असतात? ती वाचतं कोण?

तुम्ही असंही विचारलंय, की असलं खोटंनाटं विकत घेणारे लोक अडाणी असतात का. तर नाही. मी मासिकांच्या मांडणीचं काम करतो, म्हणून बटबटीतपणाबद्दल जरा सविस्तर सांगतो.

या धंद्याला वळण लावलं जेनरोसो पोप ज्युनियरने. १९५२ मध्ये त्याने न्यूयॉर्कचं एक मरगळलेलं वृत्तपत्र विकत घेतलं. तेच पुढे ‘नॅशनल एन्क्वायरर’ झालं. आधी त्याने रक्तपात विकला: अपघातातली प्रेतं, खून, विकृत गुन्हे. खप दहा लाखांच्या घरात पोचला. पण लोक उपनगरांत राहायला जात होते आणि कोपऱ्यावरचे पेपर स्टॉल बंद पडत होते. गिऱ्हाईक दर आठवड्याला हमखास येणार ते सुपरमार्केटात. आता दूध-पावाशेजारी छिन्नविच्छिन्न देहाचा फोटो कुठला दुकानदार लावू देईल? साठच्या दशकाच्या अखेरीस पोपने सगळं रक्त पुसून काढलं. त्याजागी आले नटनट्यांचे संसार, डाएट, असाध्य रोगातून उठलेली माणसं, भविष्यवेत्त्यांची भाकितं, उडत्या तबकड्या, मालकाचा जीव वाचवणारे कुत्रे. कोणासाठी छापायचं तेही ठरलेलं होतं. कॅन्सस सिटीतली ‘मिसी स्मिथ’ नावाची एक काल्पनिक गृहिणी! वाणसामान आणणारी तीच, पैसे देणारीही तीच.

ही बाई रांगेत ट्रॉली धरून उभी आहे आणि तिची नजर मिळणार ती काही सेकंद. मांडणी सगळी त्या सेकंदांसाठी. मथळा पाच-सहा शब्दांचा, पिवळ्या किंवा पांढऱ्या जाड अक्षरांत, मागे लाल पट्टा. चेहरे कापून मोठे केलेले आणि शक्यतो ओळखीचे, कारण अनोळखी चेहऱ्यापाशी नजर थांबत नाही. वजन घटलं तर आधीचा आणि नंतरचा फोटो शेजारीशेजारी. फोटोत बघायचं काय, तेही बाण काढून दाखवलेलं. आमच्या धंद्यात याला नाकं मुरडतात, पण इतकी काटेकोर मांडणी मी फार थोड्या प्रतिष्ठित मासिकांत पाहिली आहे. ‘मृत्यूशय्येवर?’ यातलं प्रश्नचिन्ह आणि ‘जवळच्या मित्राने सांगितलं’ हे दोन्ही मात्र वकिलांच्या सोयीचे.

वकील लागायचेच. १९७६ मध्ये एन्क्वायररने अभिनेत्री कॅरल बर्नेटने एका रेस्टॉरंटात गोंधळ घातल्याचं छापलं. तिने दावा लावला आणि १९८१ मध्ये ज्यूरीने तिला सोळा लाख डॉलर दिले (पुढे ती रक्कम बरीच कमी झाली).

तरी सगळ्यांना एका माळेत ओवू नका. पूर्ण थापा मारायचं ते ‘वीकली वर्ल्ड न्यूज’. एन्क्वायरर रंगीत झाल्यावर जुनं काळंपांढरं छपाईयंत्र रिकामं राहू नये म्हणून पोपने ते १९७९ मध्ये काढलं. गुहेत सापडलेला, अर्धा वटवाघूळ असलेला ‘बॅट बॉय’ तिथलाच. ते घेणारे बरेच जण हसण्यासाठीच घ्यायचे. एन्क्वायररचं तसं नव्हतं. तिथे बातमीसाठी रोख पैसे मोजत आणि बातमीदारांची फौज पाठवत. १९७७ मध्ये शवपेटीतल्या गायक एल्विस प्रेस्लीचा फोटो मिळवून त्यांनी त्या अंकाच्या साठ लाखांहून जास्त प्रती विकल्या. १९८७ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या शर्यतीतून नुकताच बाहेर पडलेला गॅरी हार्ट आणि त्याच्याशी जिच्या प्रेमसंबंधांची चर्चा होती ती, त्याच्या मांडीवर बसलेली डॉना राइस, यांचा फोटो त्यांनीच छापला. पैसे देऊन बातमी घेता येते तशी दाबताही येते, हे पुढे दिसलं: ट्रम्पशी संबंध असल्याचं सांगणाऱ्या एका मॉडेलला २०१६ च्या निवडणुकीआधी दीड लाख डॉलर देऊन तिची हकिगत दडपल्याचं एन्क्वायररच्या मालक कंपनीने २०१८ मध्ये सरकारी वकिलांपुढे कबूल केलं.

वाचक कोण, हे जाणून घ्यायचं असेल तर अंक मागून उघडा. वजन घटवण्याच्या गोळ्या, नशीब फळफळवणारे ताईत, फोनवर भविष्य, शोकेसमध्ये ठेवायच्या चित्रांच्या बशा. वय थोडं उतरलेलं, पैसा बेताचा, तब्येतीची काळजी, आणि श्रीमंत-सुंदर माणसांचीही घरं मोडतात हे वाचून मिळणारा थोडा दिलासा. यात अडाणीपणा कुठे आला?

आता ही साप्ताहिकं आटत चालली आहेत. एन्क्वायररचा खप एके काळी पन्नास लाखांच्या आसपास होता, आज त्याचा अगदी छोटा अंश उरलाय. रांगेतली बाई फोन बघते, आणि स्वतःच सामान स्कॅन करायच्या यंत्रांपाशी तर बऱ्याच ठिकाणी हा रॅकच नसतो.