रौप्यमहोत्सवी सहल परवडेल, नवी गाडी नाही

प्रश्न : मी छत्रपती संभाजीनगरला एका खासगी शाळेत शिक्षिका आहे, मिस्टर वाळूजला एका कंपनीत आहेत. दोघांचा मिळून हातात येणारा पगार ९२ हजार. गृहकर्जाचा हप्ता २२,२०० रुपये, तो अजून चार वर्षं चालेल. घरखर्च, सासूबाईंची औषधं आणि पुण्यात शिकणाऱ्या मुलाची मेस धरून ५० हजार जातात. ८ हजारांची एसआयपी आहे. बँकेत ४ लाखांची मुदत ठेव आहे. मुलाच्या शेवटच्या वर्षाच्या फीसाठी वेगळी आवर्ती ठेव आहे, ती जुलैत पूर्ण होईल. मेच्या अखेरीस आमच्या लग्नाला २५ वर्षं होतात. स्वतः गाडी चालवत नेपाळला जायचं, पशुपतिनाथाचं दर्शन घ्यायचं, हे मिस्टरांचं फार जुनं स्वप्न. गाडी २०१७ची पेट्रोल हॅचबॅक, ७८ हजार किलोमीटर झालेली. इतक्या लांब ती नको म्हणून शोरूमला गेलो. नवी गाडी ऑन-रोड १३ लाखांची. जुनीचे अडीच लाख मिळतील, ८ लाख कर्ज ९ टक्क्यांनी सात वर्षांसाठी, उरलेले अडीच लाख मुदत ठेव मोडून. सहलीसाठी बँक साडेतेरा टक्क्यांनी २ लाखांचं पर्सनल लोन तीन वर्षांसाठी द्यायला तयार आहे. मिस्टर म्हणतात, पंचविशी एकदाच येते. मलाही जायचंय, पण हप्त्यांचा विचार आला की झोप उडते. त्यापेक्षा भूतान स्वस्त पडेल का?

उत्तर : ताई, सहलीला जा. हे आधीच सांगते, कारण पुढचे आकडे वाचताना मी नको म्हणतेय असं तुम्हाला किंवा तुमच्या मिस्टरांना वाटू नये. पंचवीस वर्षं दोघांनी संसार ओढला, मुलगा शेवटच्या वर्षाला आला, घराचं कर्ज उतरत आलं. अशा जोडप्यानं पंधरा दिवस स्वतःसाठी काढले तर त्यात उधळपट्टी काही नाही.

पण तुमच्या पत्रात सहलीचा खर्च २ लाखांचा आहे आणि गाडीचा १३ लाखांचा. सहलीचं निमित्त झालं आणि मोठा निर्णय तिच्या पाठोपाठ घरात शिरला. हे दोन्ही निर्णय वेगळे करा. झोप उडवणारा निर्णय गाडीचा आहे.

८ लाख, ९ टक्के, सात वर्षं म्हणजे महिन्याला साधारण १२,८७० रुपये हप्ता. सात वर्षांत नुसतं व्याज २ लाख ८१ हजारांच्या आसपास. पर्सनल लोनचा हप्ता ६,७९० आणि तीन वर्षांचं व्याज ४४ हजारांच्या वर, प्रोसेसिंग फी वेगळी. आता हे तुमच्या गृहकर्जाच्या हप्त्यात मिळवा : ४१,८६० रुपये. त्यात घरखर्चाचे ५० हजार घाला : ९१,८६०. तुमचा पगार ९२ हजार आहे. म्हणजे महिनाअखेर हातात १४० रुपये, एसआयपी बंद, आणि ४ लाखांच्या ठेवीतले फक्त दीड लाख शिल्लक. त्या दीड लाखात सासूबाईंचं एखादं हॉस्पिटलचं बिलही निघणार नाही.

सध्या तुमच्या घरचा हप्ते धरून खर्च ७२ हजारांचा आहे. सहा महिन्यांची तजवीज म्हणजे सव्वाचार लाखांच्या पुढे. तुमची मुदत ठेव तेवढीही नाही, जेमतेम त्याच्या जवळ आहे. शिवाय कंपनीतली नोकरी, वयाची पन्नाशी आणि घरात वयस्कर माणूस. म्हणून ती ठेव गाडीसाठी नाही, सहलीसाठी नाही, कशासाठीच मोडायची नाही. वाटेत खरीच अडचण आली तर त्याच ठेवीवर बँक ओव्हरड्राफ्ट देते, म्हणजे ठेव न मोडता लागेल तेवढी उचल. त्याचं व्याज ठेवीच्या दरापेक्षा साधारण एक-दोन टक्के जास्त असतं, तेही वापरलेल्या रकमेवर आणि वापरलेल्या दिवसांचंच. ही सोय निघण्यापूर्वी बँकेत जाऊन करून ठेवा. ती हाताशी असताना साडेतेरा टक्क्यांचं पर्सनल लोन घ्यायचं कारण उरत नाही.

मग जुनी गाडी एवढ्या लांब जाईल का? ७८ हजार किलोमीटर झालेली, वेळेवर सर्व्हिसिंग केलेली पेट्रोल गाडी म्हातारी नसते. ओळखीच्या मेकॅनिककडे एक दिवस सोडा. ब्रेक पॅड, क्लच, कूलंट, बॅटरी, सस्पेन्शन बघायला सांगा आणि टायर झिजले असतील तर बदला. २५ हजारांच्या आत हे होईल, आणि त्यातलं बरंचसं काम सहल नसती तरी वर्षभरात करावंच लागलं असतं. एका ठिकाणी मात्र ही गाडी नेऊ नका. पोखऱ्याच्या पुढे बेनी-जोमसोम रस्त्यानं मुक्तिनाथला जायचं मनात आलं तर गाडी पोखऱ्यात ठेवून तिथली जीप करा. त्या रस्त्यावर तुमची नवी गाडीसुद्धा मी नेऊ दिली नसती.

आता तारीख. मेअखेरीस निघालात तर उत्तर प्रदेशात कडक उन्हाळा आणि परतताना नेपाळात पावसाळ्याची चाहूल. जूनपासून सप्टेंबरपर्यंत तिथल्या घाटरस्त्यांवर दरडी कोसळतात, एकेक दिवस रस्ते बंद पडतात, आणि अडकलेला प्रत्येक दिवस हॉटेलचं बिल वाढवतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आकाश स्वच्छ असतं, पोखऱ्यातून माछापुच्छ्रे शिखर आणि अन्नपूर्णेची रांग दिसते. तुम्हाला दिवाळीची सुट्टी असतेच. भाऊबीज उरकून निघा. नेपाळचा दशैं, म्हणजे तिथला दसरा, तोवर संपलेला असतो, त्यामुळे बस-गाड्यांची गर्दीही ओसरते. सुट्टीत न बसणाऱ्या थोड्या दिवसांची रजा आतापासून मागून ठेवा. नणंदबाई भाऊबीजेला येत असतील तर सासूबाईंसोबत थांबायला त्यांनाच विचारा, नाहीतर सोबतीला बाई ठेवण्याचा खर्च सहलीच्या हिशोबात धरा. मे महिन्यातला दिवस घरी, सासूबाई आणि मुलासोबत साजरा करा.

तारीख पुढे गेल्यानं पैशांचाही प्रश्न सुटतो. आज तुमच्याकडे महिन्याला ११,८०० रुपये उरतात. फेब्रुवारी ते ऑक्टोबर दरमहा १० हजारांची आवर्ती ठेव केली तर ९० हजार आणि वर थोडं व्याज. मिस्टरांच्या कंपनीत दिवाळीपूर्वी बोनस होतो का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. होत असेल तर या वर्षीचा पूर्ण बोनस सहलीला द्या. शाळेतल्या शिक्षिकांची भिशी असते, तुमचा नंबर दिवाळीआधी लागत असेल तर तेही पैसे आहेत. ते दागिन्यासाठी राखले असतील तर राखा, तो निर्णय तुमचा. फक्त फीच्या आवर्ती ठेवीला कोणीही हात लावायचा नाही.

खर्च किती येईल, ते मी तुमच्या घरापासून मांडलं. समृद्धी महामार्गानं नागपूर, पुढे जबलपूर, रेवा, प्रयागराज, गोरखपूर आणि मग सोनौलीची सीमा. एका बाजूनं साधारण साडेचौदाशे किलोमीटर. सोनौलीहून जवळच लुंबिनी, मग बुटवल आणि पाल्प्याच्या घाटानं पोखरा, पुढे काठमांडू, परतताना चितवन. आतलं फिरणं धरून सगळं मिळून ४ हजार किलोमीटर. लिटरला १५ किलोमीटर धरलं तर पेट्रोलचे २८ हजार, टोलचे ७-८ हजार. चौदा रात्रींच्या मुक्कामाला ४० हजार, जेवणखाण ३० हजार. गाडीच्या डागडुजीचे २५, विमे आणि परवाने १० आणि फिरणं, सफारी, रोपवे यांना १५ हजार. बेरीज १ लाख ५५-५६ हजार. वीस हजार हाताशी ठेवा, म्हणजे पावणेदोन लाख. बोनस किंवा भिशी यातलं काही आलं नाही तर हा आकडा गाठणार नाही, आणि तसं झालं तर कर्ज काढू नका, सहल लहान करा. मनमाडहून काशी किंवा कुशीनगर एक्सप्रेसनं गोरखपूर गाठा आणि सीमेपलीकडे आठवडाभर ड्रायव्हरसह गाडी भाड्यानं घ्या. पेट्रोल, टोल, डागडुजी आणि वाटेतले पाच-सहा मुक्काम वाचतात, खर्च सव्वा लाखाच्या आत बसतो. मिस्टरांना स्टेअरिंग सोडायला जड जाईल, हे मला कळतं. म्हणूनच पहिला पर्याय मी तोच ठेवला आहे.

एक गोष्ट मात्र त्यांना स्पष्ट सांगा. पत्रावरून वाटतं की गाडी एकटेच तेच चालवणार. मग दिवसाला साडेचारशे-पाचशे किलोमीटरच्या वर नाही आणि अंधार पडल्यावर तर मुळीच नाही. एक मुक्काम वाचवायला रात्रभर गाडी हाकणं ही बचत नव्हे.

आता विम्याकडे या. लोक इथेच कानाडोळा करतात, आणि या सहलीत तुमच्या पैशांना सर्वात मोठा धोका इथेच आहे. तुमच्या गाडीच्या पॉलिसीत भौगोलिक क्षेत्र म्हणून भारत लिहिलेलं असतं. सोनौलीची कमान ओलांडली की ती पॉलिसी, वेगळी तरतूद केली नसेल तर, सोबत येत नाही. नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका अशा शेजारी देशांपर्यंत क्षेत्र वाढवून देणारी पुरवणी आपल्या मोटार विम्यात आहे, तिला आयएमटी १ म्हणतात. जादा प्रीमियम फार नसतो. विमा कंपनीकडे लेखी मागा आणि पुरवणीचा कागद हातात आल्याशिवाय निघू नका. एजंट फोनवर ‘होऊन जाईल’ म्हणाला तर त्यावर थांबू नका. परक्या देशात समोरच्याला इजा झाली आणि विमा लागू नसेल, तर भरपाई तुमच्या मुदत ठेवीतूनच जाणार. तुमची मेडिक्लेमही बहुधा भारतातल्या उपचारांपुरतीच असेल. दोघांसाठी प्रवास विमा घ्या, घेताना नेपाळ त्यात आहे ना आणि रुग्णाला भारतात हलवण्याचा खर्च धरलाय ना, एवढं वाचा. वरच्या हिशोबातल्या दहा हजारांत हे सगळं बसवलंय. पैसे कमी पडले तर सफारी कापा, हे कापू नका.

सीमेवर गाडीसाठी ‘भन्सार’ भरावा लागतो, म्हणजे नेपाळच्या जकात कार्यालयाचा परवाना, दिवसाच्या हिशोबानं. आरसी, लायसन्स, विमा आणि पीयूसी मूळ प्रतीत न्या. जेवढ्या दिवसांचा भराल त्यापेक्षा एक-दोन दिवस जास्तच भरा, कारण मुदत उलटून गाडी आत राहिली तर दंड होतो. पैशांचं सोपं आहे : १०० भारतीय रुपयांचे १६० नेपाळी रुपये, हा दर १९९३पासून बांधलेला आहे. दुकानात भाव सांगितला की तो आयसी आहे की एनसी, म्हणजे भारतीय रुपयांत की नेपाळी, हे आधी विचारा. हा फरक साठ टक्क्यांचा असतो. २०२४पासून नेपाळातल्या बऱ्याच दुकानांत क्यूआरवर आपलं यूपीआय चालतं. तरी शंभराच्या नोटांची गड्डी जवळ असू द्या. मोठ्या नोटांचे नियम अधूनमधून बदलतात, निघायच्या आठवड्यात बँकेत विचारून घ्या.

भूतान स्वस्त नाही. भारतीय पर्यटकाला तिथे माणशी, रात्री १,२०० रुपये शाश्वत विकास शुल्क भरावं लागतं. दोघांचे सात रात्रींचे १६,८०० हॉटेलच्या आधीच गेले. आत गाडी नेण्याचं शुल्क निराळं, आणि भूतानच्या सीमेवरचं जयगाव तुमच्याकडून दोन हजार किलोमीटरच्या पुढे. देश सुंदर आहे, पण त्यासाठी विमानानं बागडोगऱ्याला उतरून आठवड्याची वेगळी सहल करा, कधीतरी. आणि पशुपतिनाथाची ओढ असलेल्या माणसाचं थिंफूनं समाधान होणार नाही.

गाडीचं म्हणाल तर ती कधीच घेऊ नका असं मी म्हणत नाही. सहलीहून आल्यावर तेच १० हजार ‘गाडी’ या नावानं बाजूला पडत राहू द्या. तीन वर्षांत ३ लाख ६० हजार आणि वर व्याज. तोवर गृहकर्जाचे शेवटचे काही हप्तेच उरलेले असतील, मुलगा कमवायला लागलेला असेल. तेव्हा मुदत ठेव न मोडता ८ लाखांपेक्षा कमी कर्ज पुरेल आणि गृहकर्ज संपलं की तोच हप्ता तिकडे वळवता येईल. शोरूमवाल्यांचा पुढचा फोन आला तर त्यांना हेच वर्ष सांगा.

राहिलं एक काम, आणि ते याच आठवड्यातलं. सीमेवर प्रौढ भारतीयांना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र दाखवावं लागतं, तुमच्या वयाला आधार कार्ड चालत नाही. तुम्ही पासपोर्टबद्दल काही लिहिलेलं नाही. नसेल तर मतदार ओळखपत्र काढून बघा. लग्नाआधीचं नाव किंवा माहेरचा पत्ता राहिला असेल तर फॉर्म ८ भरून दुरुस्ती करून घ्या. दिवाळीपर्यंत वेळ भरपूर आहे, पण भाऊबीजेच्या आदल्या आठवड्यात हे होणार नाही.