कोल्हापुरी हाफलिंग पैलवान जमेल का?

प्रश्न असा होता: "आम्ही कोल्हापुरात पाच जण डंजन्स अँड ड्रॅगन्स (फासे टाकून पात्रं रंगवायचा टेबलावरचा खेळ) खेळतो, 2014 च्या नियमांनी. मला हाफलिंग (बुटक्या लोकांची जात) घ्यायचाय, पण तालमीतला पैलवान. फायटर घेऊ का?"

भावा, पैलवान जमतो, पण फायटरपेक्षा (लढवय्यापेक्षा) रोग (Rogue, चपळ चोरटा गडी) हा क्लास, म्हणजे पात्राचा पेशा, घे. पकडायला ॲथलेटिक्सचा फासा टाकावा लागतो आणि तो ताकदीवर (स्ट्रेंग्थवर) चालतो. हाफलिंगला ताकदीत वाढ नाही. ठरलेल्या आकड्यांतले 15 ताकदीला दिले तरी फायटरची बेरीज +4 च. रोगला पहिल्याच लेव्हलला दोन कौशल्यांत एक्सपर्टीज मिळते, म्हणजे तिथे प्रोफिशियन्सी बोनस (सराव असलेल्या कामात फाशात मिळवायची वाढ) दुप्पट.

हाफलिंगची उपजात स्टाउट घे. आकडे असे लाव: डेक्स्टेरिटी (चपळाई) 15, स्ट्रेंग्थ 14, कॉन्स्टिट्यूशन (दमसास) 13, विज्डम 12, कॅरिज्मा 10, इंटेलिजन्स 8. जातीचे +2 आणि +1 धरून डेक्स्टेरिटी 17, कॉन्स्टिट्यूशन 14. हिट पॉइंट (किती मार सोसतो ते) 10, चामड्याच्या चिलखतात आर्मर क्लास (तुला वार लागायला लागणारा आकडा) 14. एक्सपर्टीज ॲथलेटिक्स आणि स्टेल्थमध्ये (लपतछपत जाण्यात) दे: +6 आणि +7.

आता डाव. एका हातात रेपियर (बारीक तलवार), दुसरा हात मोकळा, नाहीतर पकडच करता येत नाही. पकडलेल्याचा वेग 0 होतो. त्याला ढकलून पाडलं की वेगच नसल्यानं उठता येत नाही, आणि 5 फुटांत उभ्या असलेल्या प्रत्येकाला त्याच्यावर ॲडव्हांटेज (दोन फासे टाकून मोठा धरायचा). तुझा स्नीक अटॅकही (रोगचा जादा इजेचा वार) बसतो. अडचण एकच: पकड, ढकलणं, वार, प्रत्येकाला एक ॲक्शन, म्हणजे तीन फेऱ्या. त्यामुळे पाडायचं काम साथीदाराकडं सोपव.

खरी चूक होते ती आकारात. तू स्मॉल (छोट्या आकाराचा), म्हणून मीडियमपर्यंतच पकडता येतं. ओगर (धिप्पाड राक्षस) लार्ज आहे, त्याला पकडताही येत नाही, ढकलताही नाही. तिथं त्याच्या पायांतून पलीकडं निघ. त्याची जागा 10 फुटांची, दुसऱ्याच्या जागेतून चालताना वेग दुप्पट खर्च होतो, म्हणून आत 20 आणि बाहेर 5. तुझे 25 बरोबर पुरतात, पण त्याला लागून उभा असलास तरच. एक चौकोन (5 फूट) लांबून निघालास तर पोचत नाहीस, आणि त्याच्या जागेत थांबायची परवानगी नाही.

ग्रेटसोर्ड, लाँगबो अजिबात घेऊ नकोस. हेवी शस्त्रांना स्मॉलला डिसॲडव्हांटेज (दोन फाशांतला लहान धरायचा) आहे. शॉर्टबो चालतो. वीसच्या फाशावर 1 आला तर पुन्हा टाक, पण नवा आकडा कितीही वाईट असला तरी तोच धरायचा. डेथ सेव्हलाही (मरणाच्या दारात टाकायच्या फाशालाही) हे लागू आहे, ते टेबलावर हमखास विसरतात.

बॅकग्राउंड (पात्राचं आधीचं आयुष्य) फोक हीरो घे आणि अवजारं स्वयंपाकाची. करवीरच्या गुऱ्हाळावरचा गुळव्या कर त्याला: काहील कधी उतरवायची हे नजरेनं ओळखणारा, फडावरून बैलगाडी हाकणारा. बैलगाडीची प्रोफिशियन्सी फोक हीरोला मिळतेच.

गट 2024 च्या नियमांवर गेला तर मात्र हा पैलवान पडतो. तिथं पकड समोरच्याच्या सेव्हिंग थ्रोवर (त्यानं सुटायला टाकायच्या फाशावर) ठरते, तुझी ॲथलेटिक्सची एक्सपर्टीज पकडायला कामाची राहत नाही. स्टाउटही तिथं नाही. त्यामुळं आकडे लिहायच्या आधी डीएमला (खेळ चालवणाऱ्याला) विचारून घे.