इतिहासातल्या कोणत्या भयंकर दुर्घटना फारशा कुणाला माहीत नाहीत?

टायटॅनिक, चेर्नोबिल, भोपाळ सोडून काहीतरी सांगा, असं तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय म्हणून हे उत्तर लिहितोय. मी बडोद्याचा. कलाभवनातून, म्हणजे इथल्या इंजिनियरिंग कॉलेजातून, सिव्हिल इंजिनियर झालो आणि नोकरीची बहुतेक वर्षं पाण्याच्या कामात गेली. त्यामुळे माझ्या यादीत फक्त पाणी आहे. ज्वालामुखी, प्लेग, जहाजं याबद्दल दुसरं कुणी लिहील.

पानशेत मराठी माणसाला सांगायची गरज नाही. १२ जुलै १९६१ म्हटलं की पुण्यातली कुठलीही आजी तासभर बोलते. पण पानशेतनंतर दोनच वर्षांनी इटलीत जे झालं ते मी कलाभवनात शिकेपर्यंत ऐकलंसुद्धा नव्हतं. तिथे धरण फुटलं नाही, आणि तरी दोनेक हजार माणसं गेली.

वायोंत नावाचं ते धरण आल्प्समधल्या एका अरुंद घळीत बांधलेलं. उंची सुमारे २६२ मीटर, म्हणजे कुतुबमिनार एकावर एक साडेतीन ठेवले तरी वर थोडी जागा उरेल. भिंत कमानीची, बारीक, देखणी. अडचण भिंतीत नव्हती. शेजारचा मोंते तोक नावाचा डोंगर पाणी भरायला लागल्यापासून सरकत होता. १९६० च्या नोव्हेंबरात त्याचा एक तुकडा जलाशयात कोसळला आणि वरच्या उतारावर दोन किलोमीटर लांबीची भेग पडली. भेगेचा आकार इंग्रजी एम अक्षरासारखा होता. त्या भेगेच्या खालचा सगळा डोंगर हलतोय हे इंजिनियरांना तेव्हाच कळलं होतं. त्याही आधी तीना मेर्लिन नावाची एक पत्रकार गावकऱ्यांची भीती वर्तमानपत्रात मांडत होती. तिच्यावर खोट्या बातम्या पसरवल्याचा खटला भरला गेला. ती सुटली, पण काम थांबलं नाही.

मग तिथल्या इंजिनियरांनी आमच्यातला कुठलाही शहाणा माणूस करेल तेच केलं. लहान प्रतिकृती बांधली, उतारावरून खडी पाण्यात सोडली आणि लाट किती उसळते ते मोजलं. उत्तर आलं की पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून ७०० मीटरपर्यंत ठेवली तर धोका नाही. तेव्हापासून सगळ्यांच्या डोक्यात तो ७०० चा आकडा बसला. पाणी चढवायचं, डोंगर जास्त सरकला की उतरवायचं, पुन्हा चढवायचं. डोंगर जणू नळासारखा चालू-बंद करता येतो.

९ ऑक्टोबर १९६३ च्या रात्री पातळी ७०० च्या आसपासच होती आणि डोंगर दिवसाला वीसेक सेंटिमीटर सरकत होता. खाली लोंगारोने गावात लोक टीव्ही असलेल्या बारमध्ये रेआल माद्रिदचा फुटबॉल सामना बघायला जमले होते. रात्री १० वाजून ३९ मिनिटांनी सुमारे २६ कोटी घनमीटर डोंगर एका मिनिटाच्या आत जलाशयात उतरला. प्रतिकृतीतली खडी हळूहळू घरंगळली होती. खरा डोंगर अखंड आणि सुसाट आला. पाणी भिंतीवरून दोनशे मीटरहून उंच उसळलं, घळीतून खाली पडलं आणि चारेक मिनिटांत लोंगारोने नाहीसं झालं.

भिंत आजही उभी आहे. वरच्या काठाला थोडी इजा झाली, एवढंच. तिच्या मागे पाण्याऐवजी डोंगर भरलाय. मी फोटो पाहिलाय आणि इंजिनियर म्हणून खरं सांगतो, माझ्या मनात पहिला शब्द आला तो ‘वा!’. मग स्वतःचीच लाज वाटली.

दुसरी दुर्घटना चीनची. माणसं मोजली तर ही सर्वांत मोठी, आणि तरी तिच्याबद्दल सर्वांत कमी बोललं जातं, कारण चिनी सरकारने तिचा तपशील तीसेक वर्षं दाबून ठेवला. हनान प्रांतातलं बानच्याओ धरण पन्नासच्या दशकातलं. सुरुवातीला तडे गेले म्हणून रशियन तज्ज्ञांच्या सल्ल्याने पक्कं केलं आणि त्याला ‘लोखंडी धरण’ म्हणायला लागले. हजार वर्षांतून एकदा येईल इतका पूर ते झेलेल, असा हिशेब होता.

इथे जरा थांबतो, कारण ‘हजार वर्षांतून एकदा’ याचा अर्थ शिकलेले लोकही चुकीचा घेतात. एकदा येऊन गेला की आता ९९९ वर्षं सुट्टी, असं नसतं. दर वर्षी हजारात एक शक्यता, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेवढीच. त्यातही हा हजार काढतात कशावरून? हाताशी असलेल्या तीस-चाळीस वर्षांच्या पावसाच्या नोंदींवरून. तीस वर्षांच्या वहीतून हजार वर्षांचं भविष्य. आमच्या धंद्याचं हे उघड गुपित आहे.

चेन शिंग नावाच्या जलतज्ज्ञाने सांगितलं होतं की या भागातल्या धरणांना सांडव्याचे, म्हणजे जादा पाणी बाहेर सोडायच्या वाटेचे, दरवाजे कमी पडतील. एका धरणासाठी त्याने १२ दरवाजे सुचवले, ठेवले ५. पाणी साठवा, शेतीला द्या, सोडून कसलं देता, असा तो काळ होता. चेन फार सावध आहे, असं म्हणून त्याला बाजूला सारलं.

ऑगस्ट १९७५ मध्ये नीना नावाचं वादळ आत शिरलं आणि तिथेच अडकलं. एका दिवसात हजार मिलिमीटरच्या वर पाऊस झाला. बडोदेकरांना पटकन कळावं म्हणून सांगतो, ३१ जुलै २०१९ ला आपल्याकडे वीसेक इंच पडला आणि शहर बुडालं, त्याच्या दुप्पट. तारा तुटल्या, टेलिफोन गेले, दरवाजे उघडायचे निरोप पोचेनात. ८ ऑगस्टला मध्यरात्र उलटून तासभर झाला तेव्हा बानच्याओ गेलं. त्या पुरात लहानमोठी मिळून ६२ धरणं फुटली. थेट बुडून गेलेल्यांचा सरकारी आकडा २६ हजार. पुढच्या उपासमारीत आणि रोगराईत गेलेले धरले तर अंदाज दोन लाखांच्या आसपास जातात. नंतर चेनला मात्र परत बोलावून घेतलं.

आता तिसरी, आणि हिच्याबद्दल मला पुस्तकातून बोलायचं नाही.

११ ऑगस्ट १९७९. मोरबी. बडोद्याहून रस्त्याने तीनेकशे किलोमीटर असेल. मी कलाभवनात शेवटच्या वर्षाला होतो. सातम-आठम तीन-चार दिवसांवर आलेली, सौराष्ट्रात तेव्हा घरोघरी सणाची गडबड असते. मच्छू नदीवरचं दोन नंबरचं धरण मोरबीच्या वर जेमतेम पाच किलोमीटरवर आणि सात वर्षांचं, म्हणजे नवंच. मधला भाग दगडी बांधकामाचा, त्यात १८ दरवाजे, दोन्ही बाजूंना मातीचे लांब बांध. सांडवा साधारण दोन लाख क्युसेकसाठी, म्हणजे सेकंदाला दोन लाख घनफूट पाण्यासाठी, केलेला. आलं त्याच्या जवळजवळ तिप्पट. तीन दरवाजे उघडलेच नाहीत, पण सगळे उघडले असते तरी एवढं पाणी मावलं नसतं. मातीवरून पाणी चढलं की माती टिकत नाही. दोन्ही बाजूंचे बांध वाहून गेले, मधला दगडी भाग तसाच राहिला. गावात पाणी आलं ते दुपारी, लोक जागे असताना. सरकारी मोजणी दोन हजारांच्या आत राहिली. बाकीचे अंदाज पाच हजारांपासून पंचवीस हजारांपर्यंत आहेत. चौकशी आयोग नेमला गेला आणि काम पुरं व्हायच्या आत गुंडाळलाही गेला.

दहाबारा दिवसांनी आम्ही काही पोरं मदतीला गेलो. काम म्हणजे घरांतला गाळ काढणं. गाळ वाळून असा घट्ट झाला होता की फावडं लागेना, पहार घ्यावी लागायची. वासाबद्दल लिहीत नाही. एका घरात बाजरीची पोती भिजून फुगली होती आणि पोत्यांच्या विणीतून हिरवे कोंब बाहेर आले होते, चांगले बोटभर. घरच्या बाई म्हणाल्या, ‘‘आ तो ऊगी गई.’’ उगवली की. एवढंच म्हणाल्या आणि पोतं ओढायला आम्हाला हात दिला. भिंतीवर पाण्याची रेघ माझ्या डोक्याच्या बरीच वर होती. रेघेच्या वरच्या खुंटीवर एक सदरा होता तसाच, स्वच्छ.

परत आल्यावर आमच्या सरांनी एक काम केलं, ते मी अजून विसरलो नाही. पावसाच्या जुन्या नोंदींचे आकडे आणि नदीचं पाणलोट क्षेत्र त्यांनी फळ्यावर लिहिलं. नदीचं नाव लिहिलं नाही. म्हणाले, सांडवा किती क्युसेकचा ठेवाल ते काढा. वर्गाने पुस्तकातली सूत्रं लावून गणित केलं. कुणाचं पावणेदोन लाख आलं, कुणाचं सव्वादोन. माझं दोन लाख आणि वर थोडे. सरांनी मग फळ्यावर वर ‘मच्छू’ एवढा एक शब्द लिहिला आणि तास सोडून दिला.

तोवर आम्ही सगळे हॉस्टेलवर बसून ‘कुठल्या गाढवाने डिझाइन केलं’ म्हणत होतो.

पुढे ते धरण पुन्हा बांधलं तेव्हा सांडव्याची क्षमता कितीतरी वाढवली. मोरबीही उभं राहिलं, पुन्हा कौलं आणि घड्याळं करायला लागलं, आता टाइल्स. २०२२ मध्ये तिथला झुलता पूल तुटला आणि १३५ माणसं गेली तेव्हा टीव्हीवर मोरबीचं नाव पुन्हा आलं. माझ्या नातवाला मोरबी म्हणजे तो पूलच माहीत आहे.

पाण्याचीच आणखी एक थोडक्यात सांगतो, कारण तिथे आकडाच नव्हता. कॅमेरूनमधलं न्योस तळं. जुन्या ज्वालामुखीच्या तोंडात साठलेलं, खोल आणि निवांत. तळाशी जमिनीतून कार्बन डायऑक्साइड झिरपत होता आणि वरच्या पाण्याच्या दाबाखाली विरघळून राहत होता, बूच लावलेल्या सोड्याच्या बाटलीसारखा. २१ ऑगस्ट १९८६ च्या रात्री ते पाणी ढवळलं गेलं, कशाने यावर अजून वाद आहेत, आणि सगळा वायू एकदम वर आला. हवेपेक्षा जड, म्हणून जमिनीलगत दऱ्यांतून वाहत पंचवीस किलोमीटरपर्यंत गेला. सतराशेच्या वर माणसं आणि हजारो गुरं गेली, बहुतेक झोपेत. घरं जशीच्या तशी. सकाळी तळ्याचं निळं पाणी तांबडं झालेलं, तळातलं लोह वर आल्यामुळे. दोनच वर्षं आधी त्याच देशात मोनून तळ्याकाठी असाच प्रकार होऊन ३७ माणसं गेली होती. त्याचा अर्थ नीट लागायच्या आत हे झालं. २००१ पासून न्योसमध्ये उभा पाइप टाकून तळाचं पाणी थोडं थोडं वर काढतात, त्यातला वायू कारंज्यासारखा उडून जातो. मला विचाराल तर इतकं साधं आणि सुंदर इंजिनियरिंग क्वचित पाहायला मिळतं.

तुम्ही ‘सर्वांत भयंकर कोणती’ असंही विचारलंय. माझ्यासाठी मच्छू. वायोंतमध्ये निदान माणसं बजावत होती, बानच्याओत चेन होता. मच्छूच्या वेळी मी स्वतः तोच आकडा काढला होता, आणि गणित बरोबर होतं.

बडोद्यात पावसाळ्यात दोन आकडे सगळ्यांना पाठ असतात. शहराच्या वरच्या आजवा तलावाची पातळी २१२ फूट आणि काळ्या घोड्याच्या पुलापाशी विश्वामित्री नदीची धोक्याची रेघ २६ फूट. मोबाइल नव्हते तेव्हाही हे आकडे दूधवाल्याबरोबर घरात यायचे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये नदी ३५ फुटांच्याही वर गेली. आमच्या तळमजल्यावर पाणी आलं आणि अकोट्याच्या बाजूला एका घराच्या छपरावर मगर बसलेली अख्ख्या देशाने पाहिली. त्या रात्री समोरचे पटेलभाई गॅलरीतून दर तासाला मला विचारत होते, ‘‘साहेब, आजवा केटलुं थयुं?’’ मी मोबाइलवर बघून सांगायचो, आणि ते ‘‘तो वांधो नथी ने?’’ म्हणायचे.

तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी म्हटलं, तुमची गाडी पुलावर नेऊन लावा. त्यांनी लावली. माझी खालीच राहिली.