नर्सेस आणि डॉक्टरांसाठी मोबाईलवरचं ट्रेनिंग डिझाइन करतोय, एक मॉड्यूल किती मिनिटांचं असावं?

मिनिटांचं नंतर. आधी ते मॉड्यूल कोण, कुठे उभं राहून बघणार आहे ते जाऊन बघा. मी अकरा वर्षं आयसीयूत स्टाफ नर्स आहे आणि हा प्रश्न वाचून सगळं परत वर आलं.

आमच्याकडे इन्फेक्शन कंट्रोलचं ट्रेनिंग मोबाईलवर आणलं. म्हणजे क्लासरूममधल्याच 62 स्लाइड्स, 45 मिनिटं, मधे एकही गाळता येत नाही. शेवटची तारीख आणि माझी नाइट, पहाटे साडेतीनला जरा शांत झालं म्हणून उघडलं, निम्म्यावर व्हेंटिलेटरचा अलार्म, उठले, सक्शन केलं, हात धुऊन परत येते तर लॉगआउट आणि पुन्हा पहिली स्लाइड. असं तीनदा झालं. त्यात एका पेशंटच्या मुलाने काचेतून बघितलं आणि सकाळी तक्रार, सिस्टर ड्युटीवर मोबाईल खेळत होत्या. लेखी खुलासा मी दिला, ॲप बनवणाऱ्यांनी नाही. आणि मीटिंगमध्ये ट्रेनिंगवाले सर सगळ्यांसमोर म्हणाले, स्टाफला शिकायची आवडच नाही.

हे मला तेव्हाही पटलं नाही, आजही नाही. त्याच महिन्यात आमच्या एका सीनियर सिस्टरनी इन्फ्युजन पंपची सिरिंज कशी लोड करायची याचा दीड मिनिटाचा व्हिडिओ स्वतःच्या फोनवर काढला होता, कुणी सक्ती केली नव्हती तरी नवीन मुली पंपाजवळ उभ्या राहून तो परत परत बघायच्या. आवड होती, वेळ नव्हता.

तर, दोन-तीन मिनिटं, एका मॉड्यूलमध्ये एकच काम. नेट नसताना चाललं पाहिजे, आयसीयूत रेंज असेलच असं नाही. जिथे सोडलं तिथूनच सुरू झालं पाहिजे. सेफ डिलिव्हरी ॲप बघा, बाळंतपण करणाऱ्या स्टाफसाठी छोटे ॲनिमेशन व्हिडिओ आहेत, एकदा डाउनलोड केले की नेट लागत नाही. आणि तीच गोष्ट काही आठवड्यांनी परत विचारा. माणूस विसरतो हे एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1885 मध्येच मोजून दाखवलंय, सीपीआरचं सर्टिफिकेट दोन वर्षं चालतं पण हात काही महिन्यांतच विसरायला लागतो. प्रश्नही पाठांतराचे नकोत, पेशंटचं ऑक्सिजन सॅच्युरेशन पडतंय, ट्यूब कुठे दुमडलेली नाही, आता आधी काय कराल, असे विचारा.

कम्प्लिशनचा आकडा मात्र कुणाला दाखवू नका, रात्री तीनला नुसतं नेक्स्ट नेक्स्ट दाबूनही तो शंभर टक्के होतो.

हां, हेही खरं की सगळं फोनवर येत नाही. सीपीआरमध्ये छाती मिनिटाला 100 ते 120 वेळा दाबायची हे ॲप शिकवेल, पण छाती 5 सेंटिमीटर खाली जाते म्हणजे किती जोर लागतो ते मॅनिकिनवर, म्हणजे सरावाच्या पुतळ्यावरच कळतं. आणि वेळ ड्युटीतलाच द्या, रोस्टरवर लिहून, म्हणजे फोन हातात दिसला तर खुलासा द्यावा लागणार नाही. आमच्याकडे तेवढं अजून झालेलं नाही, मी दर मीटिंगला मागते.