सबब: कारण, बहाणा की निमित्त?

प्रश्न असा: ‘शत्त अल-अरब नदीचा वाद ही इराण-इराक युद्धाची सबब होती’ या वाक्यात सबब म्हणजे कारण की बहाणा? सरकारी पत्रात तर ‘सबब, आपला अर्ज नामंजूर’ असं येतं.

शब्द अरबी, आपल्याकडे फारसीतून आला. अरबीत ‘सबब’ म्हणजे मुळात दोर, मग साधन, मग कारण. बगदाद काय, तेहरान काय, दोन्हीकडे त्याचा अर्थ सरळ कारण. आपल्या दप्तरी भाषेनं तो जपला. बोलण्यात मात्र सबब सांगतो तो कामचुकार. म्हणजे मराठीत सबब असते ती काही न करण्याची. सैन्य घुसवणाऱ्याला हा शब्द मला तरी शोभत नाही.

मग बहाणा? तोही नाही, कारण बहाणा खोटा असतो. इराक-इराणच्या सीमेवरच्या या नदीचं दुखणं खरं होतं. इराकच्या बसरा बंदराची जहाजं त्याच पाण्यातून समुद्राला जातात. १९३७च्या तहानं बहुतेक पात्र इराककडे होतं. १९७५मध्ये अल्जिअर्सला इराकच्या सद्दाम हुसेननं इराणच्या शहाशी (बादशहाशी) करार करून हद्द खोल प्रवाहाच्या मध्यावर मान्य केली. बदल्यात इराणनं इराकमधल्या कुर्द बंडखोरांना दिली जाणारी मदत थांबवली. ही माघार सद्दामला सलत राहिली. (नदीच्या नावावरही एकमत नाही. इराणी तिला अर्वंदरूद म्हणतात.)

पण १९७५ला सलणारी गोष्ट १९८०लाच का पेटली? १९७९ची इराणी क्रांती, इराकमधल्या बहुसंख्य शियांना क्रांतीचे नेते खोमेनी यांची चिथावणी, शहाच्या सेनाधिकाऱ्यांची हकालपट्टी होऊन खिळखिळं झालेलं इराणी सैन्य, शेजारी तेलानं भरलेला इराणचा खुझिस्तान प्रांत: कारणं ही. १७ सप्टेंबरला सद्दामनं करार रद्द केला, २२ला हल्ला. ‘कुरापत’ कोणी काढली यावर आजही वाद आहे. इराक युद्ध ४ सप्टेंबरच्या इराणी तोफमाऱ्यापासून मोजतो.

म्हणून त्या वाक्यात मी ‘निमित्त’ लिहीन. निमित्त खरं असू शकतं, पण तेवढ्यानं युद्ध होत नाही. नदीचंच बघा: युद्ध आठ वर्षं चाललं, आणि ऑगस्ट १९९०मध्ये कुवेत गिळल्यावर इराणची आघाडी शांत राहावी म्हणून सद्दामनं तीच १९७५ची हद्द पुन्हा मान्य करून टाकली.